यादीबाहेरचं यंत्र

त्या शनिवारी दुपारी विद्याधर रिची स्ट्रीटला गेला तो एक नेटवर्क कार्ड आणायला. चेन्नईत कॉम्प्युटरचं काहीही अडलं की माणूस आधी त्या गल्लीत जातो. दोन्ही बाजूंना चिंचोळी दुकानं, डोक्यावर तारांचं जाळं, पायाखाली कालच्या पावसाचा चिखल आणि त्यातून अंग चोरत जाणारी माणसं. विद्याधरला नवं कार्ड नको होतं. जुन्या सर्व्हरमधून काढलेलं, एका ठरावीक जातीचं हवं होतं. चार दुकानांनी मान हलवली. पाचव्या दुकानातल्या बाईंनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा उपडा केला आणि त्यातून हवं ते कार्ड निघालं. त्यांनी ते फुंकर मारून साफ करून दिलं. विद्याधरने ते शर्टाच्या खिशात ठेवलं आणि बसमध्ये सगळ्या वाटेत त्यावर हात ठेवून बसला.

दोन हजार नऊ साल होतं. विद्याधर मूळचा सांगलीचा. नुंगंबाक्कमच्या एका कंपनीतली सगळी कॉम्प्युटर-यंत्रणा तो सांभाळायचा. राहायला वेस्ट मांबलममध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. लग्न करून आला तेव्हा त्या खोल्यांत दोघं होती. आता तो एकटा होता.

बायको कृष्णवेणी तंजावरची. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच, मराठी. पण ती मराठी विद्याधरने पहिल्यांदा ऐकली तेव्हा एखादी बखर नेसून-सवरून समोर येऊन बसल्यासारखं त्याला वाटलं होतं. ‘कोठें’, ‘काय म्हणून’, ‘आणीक’ असे शब्द, त्यांना तमिळचा हेल आणि वाक्याच्या शेवटी हटकून एक ‘सरि?’, म्हणजे ‘बरं का?’ “किती वेळां सांगूं तुम्हांस? पोदुम, उठा आतां. जेवण निवतें, सरि?” पोदुम म्हणजे पुरे. तो मुद्दाम उठायचा नाही, कारण मग ती पुन्हा म्हणायची.

घरी बसून ती एक फॉन्ट तयार करत होती, मोडी लिपीचा. तिचे वडील तुळजाजी बँकेतून निवृत्त झालेले, पण जन्मभराची हौस मोडीची. त्यांनीच तिचं बोट धरून पाटीवर ती वळणं गिरवून घेतली होती. तीच अक्षरं आता कॉम्प्युटरवर उमटावीत म्हणून ती माऊसने एकेक रेघ ओढायची, बिंदूला बिंदू जोडायची, पुसायची, पुन्हा ओढायची. झालेल्या अक्षरांचं एक फोल्डर होतं. दुसऱ्याला तिने नाव दिलं होतं ‘उरलेलीं’.

गेल्या कार्तिकात तिला ताप आला. पावसाचे दिवस, घरोघरी ताप होते. आठवड्याच्या आत ती गेली.

त्यानंतर विद्याधर ऑफिसातून आला की तिचा कॉम्प्युटर सुरू करायचा. काही करायचा नाही. पडदा उजळला की शेजारी खुर्ची ओढून बसायचा, बस. आणि मग एके दिवशी त्या कॉम्प्युटरची डिस्क खरखरू लागली. हा आवाज काय सांगतो हे त्याच्यापेक्षा जास्त कोणाला कळणार होतं? दुसऱ्यांच्या अशा किती डिस्का त्याने शांतपणे कचऱ्यात टाकल्या होत्या. ही खरखर ऐकून मात्र त्याने झटकन कॉम्प्युटर बंद केला.

यावर उपाय त्याच्याच धंद्यातला होता. एका दणकट यंत्राच्या पोटात दुसरं अख्खं यंत्र चालवता येतं. त्याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. जुन्या कॉम्प्युटरची डिस्क जशीच्या तशी उतरवून घ्यायची आणि नव्या यंत्राच्या आत ती जागी करायची. आतल्या यंत्राला पत्ताही लागत नाही की आपलं शरीर आता दुसरंच आहे. ऑफिसात ते त्याने सर्व्हरवर अनेकदा केलं होतं. घरी सर्व्हर कुठला आणणार? त्याने एक वर्कस्टेशन, म्हणजे जड कामाचा दणकट कॉम्प्युटर, मिळवलं. चेन्नईबाहेर ओरगडमला कुठलंसं डिझाइन-ऑफिस बंद पडलं होतं, तिथल्या विकायला काढलेल्या सामानातलं. काळं, जड, कोऱ्या पत्र्याचं. कोण त्यावर काम करत असे, कोणाला ठाऊक नव्हतं.

ऑफिसात त्याच्या हाताखाली काम करणारा तमिळ अरुण ते ऐकून म्हणाला, “सार, हे मॉडेल यादीत नाही. मी बघितलं.”

ज्या यंत्रांवर ते सॉफ्टवेअर चालेल अशी हमी असते, त्यांची बनवणाऱ्यांनी यादीच केलेली असते. ती विद्याधरनेही पाहिली होती.

“यादीबाहेर काय होतं, अरुण? फार तर चालणार नाही.”

“चाललं नाही तर बरंच, सार. चाललं, तर आत काय चालतंय ते कोणी सांगू शकत नाही. तुम्हीच आम्हाला हे शिकवलंत.”

विद्याधर हसला. पण करायचं ते त्याने ठरवलेलंच होतं.

वर्कस्टेशनने सुरुवातीला दाद दिली नाही. सॉफ्टवेअर बसवायला घेतलं की अर्ध्या वाटेत अडायचं आणि सांगायचं, डिस्क सापडत नाही. डिस्क तर समोर होती. मग परदेशातल्या हौशी लोकांनी लिहून ठेवलेलं वाचत वाचत त्याने इन्स्टॉलरचीच फाइल उघडली आणि ओळखीच्या भागांमध्ये या यंत्राच्या भागाचा क्रमांक आपल्या हाताने घुसडला. थापच होती ती एक. दाराशी उभ्या असलेल्या परक्याला ‘हा आपलाच’ म्हणून आत घेण्यासारखी. त्यानंतर सॉफ्टवेअर मुकाट्याने बसलं. राहिलं होतं ते नेटवर्क, आणि ते कार्ड आता त्याच्या खिशात होतं.

दरम्यान तिच्या डिस्कची नक्कल उतरली. शेवटची फाइल आली, जुनी डिस्क एकदा ‘टक्’ वाजली आणि कायमची गप्प झाली. म्हणजे तिचं म्हणून जे काही उरलं होतं ते सगळं आता त्या नकलेत होतं.

रविवारी दुपारी जेवण तसंच ठेवून विद्याधर बसला. कार्ड बसवलं. वर्कस्टेशनला जोडलेल्या पडद्यावर पिवळी-करडी चौकट आली. टेबलावरच्या लॅपटॉपवरून त्याने आतलं यंत्र तयार केलं, तिची नक्कल त्याला दिली आणि सुरू करायचं बटण दाबलं. लॅपटॉपच्या पडद्यावर एक लहानशी खिडकी उघडली. खिडकीत आधी अंधार. मग हळूहळू तो निळा पडदा, डावीकडे नीट रांगेत लावलेली चित्रं, त्यांत ‘उरलेलीं’.

आवाज मात्र आला नाही. हे सॉफ्टवेअर आतल्या यंत्राला आवाज देतच नाही. सुरू होताना तिचा कॉम्प्युटर जी लकेर वाजवायचा ती आता कधीच वाजणार नव्हती. विद्याधरने डोळे पुसले. “आलीस,” तो म्हणाला, आणि रिकाम्या घरात आपलाच आवाज ऐकून ओशाळला.

आता ती खिडकी कशी असते हे सांगायला हवं. बाहेरून तिच्यात नुसतं पाहता येतं. आत काही करायचं असेल तर तिच्यावर क्लिक करायचं. मग आतला बाण तुमच्या माऊसला बांधला जातो, तुमचा हात तो त्या यंत्राचा हात होतो. सोडायचं असेल तर दोन कळा एकत्र दाबायच्या. एका वेळी एकच हात.

विद्याधर त्या दिवशी नुसता पाहत होता. हात मांडीवर होते. आणि खिडकीतला बाण हलला.

आधी जेमतेम. मग सावकाश डावीकडे गेला, ‘उरलेलीं’पाशी थांबला आणि ते फोल्डर उघडलं.

विद्याधरने लॅपटॉपचा माऊस उपटून बाजूला ठेवला. बाण हलतच होता. फॉन्टचं सॉफ्टवेअर उघडलं, एक अर्धं राहिलेलं अक्षर उघडलं, आणि बाणाने एक बिंदू ठेवला. थांबला. तिथल्या तिथे एका बारीकशा वर्तुळात फिरला, जसं काही विचार करतोय. मग दुसरा बिंदू.

ते वर्तुळ! कृष्णवेणी विचारात पडली की माऊस तसा फिरवायची, पोळपाटावर बोट फिरवावं तसा. किती वर्षं त्याने तिच्या खांद्यावरून ते पाहिलं होतं.

“वेणी?”

बाण थांबला नाही. बिंदूमागून बिंदू पडत राहिले. न राहवून विद्याधरने माऊस परत जोडला आणि खिडकीवर क्लिक केलं. बाण क्षणात मेल्यासारखा उभा राहिला. तो हलवील तसा हलला, नाही तर नाही. त्याचाच हात, दुसरं काही नाही. त्याने घाईघाईने दोन्ही कळा दाबून बाण सोडला आणि हात मागे घेतला. बराच वेळ काही झालं नाही. मग पुन्हा ते बारीक वर्तुळ फिरलं.

तो हात धरायला गेलं की नसायचा. सोडला की असायचा.

त्या दिवसापासून विद्याधर बदलला. पाच वाजले की ऑफिसातून निघायचा. अरुणने एकदा विचारलं, “सार, ते यंत्र चाललं का?” तर “चाललं” एवढंच म्हणाला. घरी आला की बूटसुद्धा न काढता टेबलाशी बसायचा, लॅपटॉप उघडायचा आणि हात मांडीवर ठेवायचा. गॅलरीचं दार उघडणं बंद झालं. वाण्याकडून आणलेलं दूध नासायचं. शेजारच्या घरातून कुकरच्या शिट्ट्या, खालच्या देवळातली घंटा, रस्त्यावरचे भाजीवाले, सगळं त्याच्या पाठीमागे कुठेतरी चालू असायचं. त्याची नजर त्या वीतभर खिडकीवर. तंजावरहून सासऱ्यांचे फोन यायचे, तो उचलायचा नाही. उचलून सांगणार काय?

एका दुपारी वीज गेली. रजा होती, तो बसलेलाच होता. यूपीएसने दोन-चार शिट्ट्या मारल्या आणि मान टाकली. वर्कस्टेशनचा पंखा गरगरत थांबला, त्याचा दिवा विझला. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की विद्याधरला आपल्या मनगटावरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं. लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू होता.

त्याने सवयीने खिडकीकडे पाहिलं.

बाण हलत होता.

वर्कस्टेशन बंद होतं. त्याने हात लावून पाहिला. पत्रा स्तब्ध होता. दोघांना जोडणारा मधला नेटवर्कचा डबाही विझलेला. जिथून हे चित्र यायला हवं ते यंत्रच आता नव्हतं… आणि बाण सावकाश, न चुकता एक गोलाई पुरी करत होता. शेवटचा बिंदू ठेवला. वर्तुळात फिरला. मग त्याच्याकडे बघितल्यासारखा पडद्याच्या मधोमध येऊन उभा राहिला.

किती वेळ गेला कोण जाणे. मग खिडकीवर पाटी आली, संपर्क तुटला.

विद्याधरच्या अंगावर काटा आला होता. पण त्या काट्याखाली छातीत काहीतरी आनंदाने फुलून आलं होतं, आणि त्याला दोन्ही वेगळं करता येईना. वीज आली तशी त्याने आधी जाऊन नवा यूपीएस आणला.

कार्तिक लागला. एका सकाळी दाराची बेल वाजली. दारात तुळजाजी उभे होते, हातात कापडी पिशवी, कपाळाला गंध, रात्रीच्या गाडीने चुरगळलेलं धोतर. जावयाला ते तमिळ रीतीने माप्ळे म्हणत.

“माप्ळे, फोन काय म्हणून घेत नाही तुम्ही? वेणीचें वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलें. मी म्हटलें, जाऊनच पाहावें.”

विद्याधर त्यांच्या पाया पडला. श्राद्धाची तिथी तो साफ विसरला होता. तुळजाजींनी घर पाहिलं, न विंचरलेलं डोकं पाहिलं, ओट्यावरची भांडी पाहिली आणि पिशवी ठेवून भांडी घासायला घेतली.

“मामा, राहू द्या ते. श्राद्ध… श्राद्ध नाही केलं तर नाही का चालणार?”

म्हाताऱ्याचे हात थांबले. “असें काय बोलतां?”

विद्याधरने त्यांना हाताला धरून टेबलाशी आणलं, खुर्चीवर बसवलं. आपण शेजारी उभा राहिला. “ती आहे, मामा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्हीच बघा.”

तुळजाजींनी चष्मा लावला. खिडकीत बाण काम करत होता. विद्याधर हळू आवाजात सांगत राहिला; फॉन्ट कसा करतात, ते वर्तुळ, ती थांबण्याची लकब. म्हातारा ओठ मिटून बघत होता. पहिल्यांदा त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. मग हळूहळू ते पाणी आटलं. ते पुढे वाकले. नाक पडद्याला लागेल इतके वाकले.

“माप्ळे,” ते अगदी कुजबुजत म्हणाले, “ही वेणी नव्हे.”

“काय?”

“मोडी लिहितांना आधीं आडवी रेघ ओढतात. मग अक्षर त्या रेघेला टांगतात. पहिल्या दिवशीं शिकवलें मी तिला हें. आणीक अक्षर डोक्यापासून शेपटाकडे येतें…” त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. “हें पाहा. हें शेपटापासून निघालें आहे. डोक्याकडे चाललें आहे. रेघ शेवटीं.”

“कॉम्प्युटरवर कसंही काढतात, मामा.”

“ती नव्हती काढत. गेल्या सालच्या दिवाळीस माझ्या शेजारीं बसून ती काढी, मी पाहत होतों.” ते पडद्यापासून मागे सरले. मग म्हणाले, “असें अक्षर काढीत नाहीत माप्ळे. असें… उकलतात. विणलेलें उकलावें तसें.”

विद्याधरला राग आला. इतका की त्याला स्वतःचीच भीती वाटली. “तुम्हाला ती नकोय! तुम्हाला श्राद्ध करून मोकळं व्हायचंय!”

तुळजाजी फक्त म्हणाले, “तिचीं झालेलीं अक्षरें दाखवा मज.”

झालेल्या अक्षरांचं फोल्डर इतक्या दिवसांत विद्याधरने उघडलं नव्हतं. उघडायचं तर बाण आपल्या हातात घ्यावा लागला असता, आणि मग ती थांबली असती. त्याने दात-ओठ खाऊन क्लिक केलं. बाण उभा राहिला. त्याने फोल्डर उघडलं. पहिलं अक्षर उघडलं.

कोरं.

दुसरं उघडलं. तेही कोरं. तिसऱ्यात एका गोलाईचा तुकडा लोंबत होता, खाली काही नाही. तो भराभर उघडत गेला. इतकी वर्षं खपून तिने जी वळणं घातली होती ती एकेक करून नाहीशी झाली होती. जे अक्षर पुरं होताना तो रोज संध्याकाळी पाहत होता, ते पुरं होत नव्हतं. पडणाऱ्या प्रत्येक बिंदूबरोबर तिचं होतं ते शेवटापासून सुरुवातीपर्यंत चाटून साफ केलं जात होतं. आणि तो हात मांडीवर ठेवून, डोळे भरून, ते पाहत बसला होता.

“मामा…”

एवढं बोलून त्याने बाण सोडायला दोन्ही कळा दाबल्या. बाण सुटला नाही. पुन्हा दाबल्या. आणि मग त्याच्या तळव्याखाली, त्याने न हलवता, माऊस सरकला. किंचित. मग एका बारीकशा वर्तुळात फिरला. त्याचा हात बरोबर घेऊन.

“माप्ळे, हात काढा!”

“निघत… निघत नाहीये…”

खोटं नव्हतं ते. बोटं त्याची होती, पण तो हात त्याला उचलावासा वाटत नव्हता. इतक्या दिवसांनी कोणीतरी त्याचा हात धरला होता. माऊस लोण्यासारखा फिरत होता, आणि पडद्यावर कुठलंसं शेवटचं उरलेलं अक्षर शेपटाकडून उकलत चाललं होतं. तुळजाजींनी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि जीव खाऊन ओढलं. हात सुटला. विद्याधर टेबलाखाली गेला, वर्कस्टेशनचं बटण दाबून धरलं. यूपीएस किंचाळायला लागला, तोही बंद केला. पंखा गरगरत थांबला.

वर लॅपटॉप उघडाच होता. त्याच्या पडद्याचा उजेड तुळजाजींच्या चष्म्यावर पडला होता, आणि त्या काचांत काहीतरी हलत होतं. विद्याधरने वर न बघता हात लांब करून लॅपटॉपचं झाकण मिटलं.

त्या दिवशी दोघांनी मिळून यंत्र उघडलं. बाजूचा पत्रा काढला, तारा सोडवल्या, डिस्क काढली. तुळजाजींनी ती आपल्या पंच्यात गुंडाळली. श्राद्ध दोघांनी चेन्नईतच केलं, साधंच. विद्याधरने पिंड ठेवला आणि पहिल्यांदा मोठ्याने रडला. म्हाताऱ्याने त्याला रडू दिलं.

निघताना तुळजाजी म्हणाले, “ही डिस्क मी कावेरींत सोडितों. तुमच्या हातून व्हायचें नाही.”

“सोडा,” विद्याधर म्हणाला. “मामा, त्यात तिचं एखादं तरी अक्षर राहिलं असेल का हो?”

“असेल तर कावेरीस मिळेल. तेथलेंच होतें.”

दुसऱ्या दिवशी विद्याधर ऑफिसला गेला. अरुणबरोबर जेवला. संध्याकाळी येताना दूध आणलं, तापवलं, गॅलरीचं दार उघडलं. दिवेलागणीची वेळ होती. वारा आत आला. उघडलेलं वर्कस्टेशन टेबलावर तसंच पडलं होतं, तारा बाहेर लोंबत. उद्या भंगारवाल्याला द्यायचं म्हणून. सवयीने तो त्याच्यासमोर खुर्चीवर बसला, आणि फोन वाजला.

“माप्ळे, तिरुवैय्यारला कावेरीवर जाऊन आलों. सोडिली.”

“बरं केलंत, मामा.”

“जेवलां काय?”

“आता जेवतो.”

मग तुळजाजी म्हणाले, “टीव्ही लावला आहे काय तुम्ही?”

“नाही.”

“शेजारीं कोणी बोलतें आहे काय?”

विद्याधरने कान दिला. घरात काही नव्हतं. वाऱ्याने पडदा तेवढा हलत होता. “नाही, मामा. इथं कोणी नाही.”

पलीकडून श्वास ऐकू आला. जड, ओला श्वास. “माप्ळे… ही माझी वेणी.”

विद्याधर फोन घट्ट धरून बसला.

“हा तिचाच आवाज. मी तिचा बाप आहे, मी चुकेन काय? तुमच्या मागून येतो आहे. तुमच्या खोलींतून.”

“मला… मला का नाही ऐकू येत?”

“ठाऊक नाही. फोनांत येतो आहे.”

“काय म्हणते?” त्याचा आवाज फुटला. “मामा, काय म्हणते ती?”

तुळजाजी ऐकत राहिले. बोलले तेव्हा शब्द रडण्यात भिजलेले होते. “विचारते… अप्पा, हे रोज माझ्याकडे पाठ करून काय म्हणून बसतात? वर्षभर हांक मारितें, वळून पाहत नाहीत…”

विद्याधर उठला. गर्रकन वळला.

खोली होती. पलंग, घडी घातलेलं पांघरूण, भिंतीवरचं कॅलेंडर, गॅलरीच्या दारातून आलेला संध्याकाळचा तांबूस उजेड. त्या उजेडात तो हात पुढे करून उभा राहिला, आंधळ्यासारखा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “वेणी, वळलो बघ. बघ की. आता काय म्हणते, मामा?”

“गप्प झाली.”

“पण आहे ना?”

“गप्प झाली, माप्ळे. आतां…” म्हातारा थांबला. त्याचा आवाज बदलला, एकदम खाली आला. “माप्ळे, हें टक्-टक् कोण करितें आहे?”

“कसलं टक्-टक्?”

“माऊस दाबल्यागत. थांबून थांबून.” फोनात क्षणभर काहीच नव्हतं. “…आतां जवळ आलें.”

विद्याधरची पाठ आता टेबलाकडे होती, त्यावरच्या उघड्या यंत्राकडे.